अहवालात न आलेली मनुबाई

मनुबाई कोळीण गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तिच्यावर कुणी काही लिहील असं नाही. ती ना पुढारी, ना शिकलेली, ना कुठल्या मंडळाची अध्यक्ष. मी लिहिते आहे, कारण तिच्याबद्दलचं एक पान मी एकदा लिहिलं होतं आणि मीच ते गाळलं. त्या एका पानावाचून तिचं काय झालं ते मला माहीत आहे.

आम्ही कळव्याला राहायला आलो ते १९८३ सालच्या अक्षय्य तृतीयेला. नवी बिल्डिंग, मागे पडीक मिठागरं आणि त्यांच्या पलीकडे खाडी. तिसऱ्याच दिवशी जिन्यातून हाक आली, "घेतेस का गो वयनी, बोय हाय ताजी." डोक्यावर पाटी, ओचा खोचलेला, कपाळावर आडवं मोठं कुंकू. ती खाडीपल्याडच्या, ठाण्याच्या बाजूच्या कोळीवाड्यातली. नवरा नामा आणि मुलगा चंदू यांची घरची होडी होती. ती सकाळी ठाण्याच्या मासळी बाजारात आपल्या ओट्यावर बसायची आणि तिथं उरलेलं घेऊन पूल ओलांडून आमच्याकडे यायची.

आम्ही मासे खाणारे, पण वारांचे आणि तिथींचे बांधलेले. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, सगळा श्रावण, यांत घरात मासळी शिजत नाही. तिला हे एकदा सांगितलं, परत सांगावं लागलं नाही. कारण तिथी तिलाही लागायची, फक्त पाण्यासाठी. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता समुद्राला भरती. आत आमच्या खाडीत आणखी तासभराने. अष्टमी म्हणजे सहा, म्हणजे आमच्याकडे सात. ती अक्षरशत्रू होती, पण पंचांग न उघडता हे तोंडी सांगायची, आणि माझी तिथी चुकली की हसायची. "तुजा देव तरी बरोबर दिवशी जेवतो ना गो?"

तिची एक रीत होती. मासा हातात द्यायच्या आधी ती अंगठ्याने त्याचा कल्ला उघडायची आणि सरळ गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरायची. "वास घे. पटला तर घे." आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुहासिनीबाईंना ते किळसवाणं वाटायचं. त्या पदर नाकाला लावून म्हणायच्या, "अगं, विश्वास आहे माझा." मनुबाई म्हणायची, "तुजा असंल, माजा नाय. सासूनं शिकवलंय, कल्ला न दाखवता मासा दिला तर पाटीला उद्या हात लावायचा नाय."

मला रोज वही लिहायची सवय आहे. तिथी, वार, देवाला काय वाहिलं, कोण आजारी, जेवायला काय. त्यामुळे मनुबाईने कधी काय दिलं हे माझ्याकडे लिहिलेलं आहे. पहिल्या वर्षी नऊ वेळा जिताडा, खाडीतला मानाचा मासा, आहे. १९८६ मध्ये दोनदा. १९८८ नंतर जिताडा हा शब्द माझ्या वहीत नाही. त्याच सुमाराला पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं : "मनुबाईने आज चार बोयी बाजूला काढून ठेवल्या, दिल्या नाहीत. रॉकेलचा वास येतो म्हणाली."

तो वास खाडीलाच यायला लागला होता. काठावरच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून रात्रीचं कुणीतरी पाणी सोडायचं, सकाळी चिखलावर तांबूस साय धरलेली असायची. कुणाचं पाणी ते कोळीवाड्यात सगळे बोलायचे, लिहून कुणी देत नव्हतं. वास येणाऱ्या माशांचं काय करतेस, असं मी तिला विचारलं होतं.

"घरी शिजवतो."

"अगं, पण—"

"आमाला काय होतंय. आमचा जलम त्यातच गेला."

१९९० मध्ये नामा गेला, कावीळ झाली होती. चंदूने होडी दोन वर्षं रेटली, पण जाळ्यात प्लास्टिक जास्त आणि मासळी कमी. मग होडी काठाला लागली आणि मनुबाई दुसऱ्यांची मासळी घेऊन विकू लागली. सून शेवंती पोटुशी. चौघांचं पोट एका पाटीवर आलं.

आता माझ्याकडून काय घडलं ते सांगते.

त्या वर्षांत शाळांमधून पर्यावरण शिकवायला हवं असा जोर होता. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एका मंडळाचं कार्यालय होतं. नाव लिहीत नाही. तिथल्या हेमाताई टिपणीस आमच्या भागातल्या तीन शाळांत 'खाडी-ओळख' नावाचा उपक्रम सुरू करणार होत्या. माझी मुलगी वैजू त्यांतल्या एका शाळेत सातवीत. पालकांच्या बैठकीत हेमाताईंनी माझं अक्षर पाहिलं, रोज वही लिहिते हे ऐकलं आणि म्हणाल्या, "नोंदी ठेवायला तुम्हीच या." दुपारची मी मोकळीच असायची. गेले.

तक्ते होते, स्लाइड्स होत्या, खारफुटीचे उपयोग होते. हेमाताई तळमळीने शिकवायच्या, त्यात खोट नव्हती. पण मुलं जांभया द्यायची. मीच म्हटलं, "खाडीच्या काठावर घेऊन जाऊ या. माझ्या ओळखीची एक कोळीण आहे."

मनुबाईला विचारलं तेव्हा ती पाटी खाली ठेवून जिन्यातच बसली. मला वाटलं, नाही म्हणेल. तिने विचारलं, "ही पोरं मोठी होऊन सायब होनार ना?"

"काही होतील."

"मग येते. आमचं कोन ऐकतंय. सायबाच्या पोरानं घरी सांगितलं, खाडीत घान सोडतात, तर सायब ऐकंल."

तिच्या मनात हे इतकं सरळ होतं. मुलं शिकतील, घरी बोलतील, पाणी सोडणं बंद होईल.

तिने दिवस काढून दिला : कार्तिक वद्य अष्टमी. "भांगाचं पानी, जोर नसतो, पोरांना भीती नाय. दुपारी एकला चिखल उघडा." तीन शाळांच्या मिळून साठ निवडक मुलांना तिने चिखलात उतरवलं. निवटे मासे चिखलावर उड्या मारताना दाखवले, चिंबोरीचं बीळ कोणतं आणि सापाचं कोणतं ते दाखवलं, तिथीची पाऊणपट करून घेतली. एक मुलगा भीत होता त्याला म्हणाली, "ये रे, शेट. चिखल काय तुज्या बापाचं बूट खात नाय." मुलं हसून बेजार. हेमाताई वहीत लिहून घेत होत्या. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

शेवटी मनुबाईने पाटीतून दोन बोयी काढल्या. एक चांगली, एक वास येणारी. दोन्हींचे कल्ले उघडले आणि एकेका मुलाच्या नाकाशी धरले.

"ह्यो लाल, ह्याला खाडीचा वास. ह्यो खायचा. ह्यो काला, ह्याला घासलेटचा वास. ह्यो कोनी दिला तर घ्यायचा नाय. कोलनीच्या तोंडावर फेकायचा."

ती तिथं गिऱ्हाइकं घडवत होती. सुनेला शिकवतात तसं शिकवत होती, चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं. साठ मुलांनी दुसरी बोय हुंगली आणि साठही मुलांची तोंडं वाकडी झाली. दोन मुलींना ओकारी आली. पहिल्या बोयीचा वास कुणाच्या लक्षात राहिला असेल असं मला वाटत नाही.

त्या रात्री वैजूने पानातला तुकडा बाजूला सारला. "खाडीचं विषारी असतं."

"अगं, मनुबाईने चांगला पारखून दिलाय."

"तिनेच दाखवलं ना."

वैजूचे वडील म्हणाले, "नको म्हणते तर नको. मीही नाही खात, उगाच कशाला." मी ते कालवण मोरीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मनुबाई आली. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हटलं, "आज नको गं, उपास आहे."

ती पाटी खाली ठेवत म्हणाली, "वयनी, आज बुधवार. नवमी."

मी दार आणखी थोडं लोटलं.

"नवमीचा कुठला उपास काडलास?"

"आहे एक. बोललेला."

"बरं," ती म्हणाली आणि पाटी उचलून वर गेली. वरून सुहासिनीबाईंचा आवाज ऐकू आला, त्यांचाही उपास होता. समोरच्या बिल्डिंगमध्येही तेच. तोंडावर खरं सांगायची कुणाची छाती नव्हती. दोन आठवड्यांनी ती खाली फाटकाशी उभी राहून मला म्हणाली, "तुमच्या दोन बिल्डिंगी आता पायासकट सरगात जानार गो. येवढे उपास तर एकवीरेच्या पुजाऱ्याच्या घरी पन नसतील."

हसत म्हणाली. त्यानंतर ती माझ्या दारापर्यंत आली नाही.

एकवीरा आमचीही कुलस्वामिनी. देवाचं नाव पुढे करून मी खोटं बोलले, त्याचं प्रायश्चित्त म्हणून मी वर्षभर मासे सोडले. भटजींनी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. पण माझ्या प्रायश्चित्ताने तिच्या पाटीचं ओझं काही उतरत नव्हतं.

मार्चमध्ये मूल्यमापन आलं. उपक्रमाला मदत देणाऱ्यांना अहवाल हवा होता. चांगला ठरला तर पुढच्या वर्षी बारा शाळा. आधी मुलांची लेखी परीक्षा झाली, जशी उपक्रमाच्या सुरुवातीला झाली होती तशीच. खारफुटीचे तीन उपयोग लिहा. खाडी कोण घाण करतं? याचं नमुना उत्तर छापलेलं होतं : आपण सर्व. मनुबाईला मी ते नंतर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपन सगले? मी काय टाकलं? खवलं टाकली असतील." तिथीची पाऊणपट कुठल्याच प्रश्नात नव्हती. मुलांचे गुण दुपटीने वाढले होते.

दुसरा भाग माझ्याकडे होता. त्याच साठ मुलांच्या घरी जाऊन एक कागद भरून आणायचा. प्रश्न असा : 'उपक्रमामुळे घरातील सवयींत बदल झाला का? होय / नाही. असल्यास कोणता?' आणि उत्तराला एक ओळ.

तीन आठवडे मी दुपारी घरं फिरले. कळवा, खारेगाव, विटावा. बायका पाणी द्यायच्या, चहा द्यायच्या. कुणी म्हणे आता कापडी पिशवी नेतो, कुणी म्हणे निर्माल्य खाडीत टाकत नाही, नळ नीट बंद करतो. आणि मग, बहुतेक ठिकाणी, "आणि हो, ती कोळीण यायची ना, तिच्याकडून घेणं बंद केलं. आमचा बंड्या हातच लावू देत नाही." एकीने तर अभिमानाने सांगितलं, "मी शेजारच्या चार घरांनाही सांगितलं." मी ऐकत होते आणि 'होय'वर खूण करत होते. एका ओळीत लिहीत होते : खाडीतील मासे घेणे बंद.

साठांपैकी त्रेचाळीस घरांत बदल झाला होता. त्या त्रेचाळिसांतल्या एकोणतीस घरांत हाच बदल होता. ही सगळी मनुबाईची घरं नव्हती, तिच्यासारख्या आणखी पाटीवाल्या होत्या. मग मी एक पान वेगळं लिहिलं. त्यात लिहिलं की मनुबाई कोळीण हिने मुलांना चांगला आणि वाईट मासा ओळखायला शिकवलं, मासा खाऊ नका असं तिने शिकवलं नाही. मुलांनी अर्धंच घेतलं. तिची आणि तिच्या जोडीच्या बायकांची गिऱ्हाइकं तुटली. आणि खाडीत सोडलं जाणारं पाणी आहे तसंच आहे. सगळं पाऊण पान झालं असेल.

हेमाताईंनी कागद पाहिले. एकोणतीस हा आकडा त्यांनी दोनदा मोजला. "हे बघा, गुण वाढणं कुणीही दाखवतं. पण हा वागण्यातला बदल आहे. असं क्वचित मिळतं."

"हेमाताई, ते पान वाचलंत?"

"वाचलं." त्यांनी चष्मा काढला. "मला वाईट वाटतंय, खरंच. पण आपण मुलांनी काय घेतलं ते मोजतोय. खाडी मोजत नाही आहोत. आणि सोडलेल्या पाण्याबद्दल आपल्याकडे पुरावा काय? हे पान गेलं तर सगळा उपक्रम अडकेल. बारा शाळा आहेत, तुम्ही विचार करा. पुढच्या वर्षी आपण तिच्यासाठी वेगळं काहीतरी करू."

मला त्यांचं म्हणणं तेव्हा पटलं, की पटलंसं वाटलं, हे आता सांगता येणार नाही. अहवालाची पक्की प्रत मीच माझ्या अक्षरात काढत होते. चाळीस पानं झाली. ते पान मी त्यांत घेतलं नाही. कुणी माझ्या हातून ओढून घेतलं नाही.

दरम्यान कोळीवाड्यात मनुबाईवर बालंट आलं होतं. कळव्यात पाट्या घेऊन येणाऱ्या सगळ्याच जणींना घरोघरी उपास ऐकू येऊ लागले होते आणि कुठल्या कोळणीने मुलांना सडका मासा हुंगवला हे त्यांना कळलं होतं. बाजारात तिच्या शेजारी ओटा असलेली रंगूबाई चारचौघींत म्हणाली, "हिनं शालेत जाऊन आमच्या पाट्या बसवल्या." बाजारात जागा बायकांच्या संमतीने राहते. कुणाला उठवायचं ठरलं तर कागद लागत नाही, सगळ्याजणी तिच्याशी बोलणं सोडतात, तिच्यासमोर बर्फ ठेवत नाहीत, आणि ती उठते.

वैशाखात मनुबाई मला कळवा स्टेशनच्या बाहेर भेटली. पाटी रिकामीच होती. म्हणाली, "वयनी, तू ते घरोघरी जाऊन लिवलंस ना, त्यात मी काय शिकवलं ते लिवलंस का? चांगला घ्यायचा, वाईट नाय घ्यायचा, असं?"

मी म्हटलं, "लिहिलंय."

लिहिलं होतंच की. माझ्या कपाटात घडी करून ठेवलेलं होतं.

"मग झालं," ती म्हणाली. "छापून आलं की बाजारात दाकवते. रंगूबाय लई बोलतेय. छापलेलं बघून गप बसंल."

तेव्हा सांगायला हवं होतं. रेल्वेचं फाटक बंद व्हायच्या आत मला पलीकडे जायचं होतं, तिच्यामागे माणसं उभी होती. मी म्हटलं, "येते गं," आणि निघाले.

पुढचं मला शेवंतीने सांगितलं. जूनमध्ये अहवाल छापून आला. टेंभी नाक्याच्या कार्यालयात जाऊन मनुबाईने आपली प्रत मागून आणली. आभारात नाव असल्यामुळे ती तिला मिळालीच असती. पिशवीत घालून, वर नवं फडकं गुंडाळून ती बाजारात घेऊन गेली. दुपारी गिऱ्हाईक सरल्यावर बायका जमल्या. बाजारातल्याच हौसाबाईची नात दहावी झालेली, तिला वाचायला बसवलं. मनुबाईने आधीच सांगून ठेवलं होतं, "माजं नाव आलं की थांब आन् मोट्यानं वाच."

मुलीने पहिल्यापासून वाचलं. खारफुटी, गुण, टक्के, कोष्टकं. बायकांना त्यांतलं निम्मं कळत नव्हतं, पण कुणी उठलं नाही. तास झाला. मग ती ओळ आली : 'एकोणतीस कुटुंबांनी खाडीतील मासे घेणे पूर्णपणे थांबविले, हे या उपक्रमाचे सर्वांत उल्लेखनीय यश मानावे लागेल.'

"पुडं वाच," मनुबाई म्हणाली. "पुडं हाय."

मुलगी शेवटपर्यंत वाचत गेली. अखेरच्या पानावर आभार होते. त्यात, 'प्रात्यक्षिकासाठी मौलिक सहकार्य : श्रीमती मनुबाई.' तिथं ती थांबली आणि सांगितल्याप्रमाणे मोठ्याने वाचलं.

शेवंती म्हणाली, "कोनी शिवी पन दिली नाय, वयनी. रंगूबाय फकस्त म्हनाली, यश आलं गो तुला. मग सगल्या आपापल्या जागी गेल्या."

मनुबाईला दुसऱ्या दिवशी बर्फ मिळाला नाही. चौथ्या दिवशी ती उठली.

शेवंती माझ्याकडे हे सांगायला आली नव्हती. तिला बाळाच्या तापासाठी ओळखीचा डॉक्टर हवा होता, बोलता बोलता निघालं. ती गेल्यावर मी देवापुढे बसले, पण पोथीत डोळे ठरेनात. दुसऱ्या दिवशी कपाटातलं पान घेतलं आणि ठाण्याच्या मासळी बाजारात गेले. इतकी वर्षं मासे घेत होते, पण त्या बाजारात कधी पाऊल टाकलं नव्हतं. रंगूबाईचा ओटा विचारत गेले. तिच्या शेजारच्या जागेवर दुसरीच एक तरुण बाई कोळंबी सोलत होती.

मी सांगितलं, हे पान माझं आहे, ते अहवालात जायचं होतं, मी घातलं नाही. आणि उभ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज चांगला आहे, भजनी मंडळात आरती मीच सांगते. तिथं तो नीट फुटला नाही. आजूबाजूच्या दोन-चारजणी ऐकत होत्या, हातातली सुरी चालूच.

वाचून झाल्यावर रंगूबाई म्हणाली, "हे तवा का नाय छापलंस?"

"चुकलं माझं."

"तुजं चुकलं, तर तू इथनं घरी जाशील, जेवशील." तिने मासा उलटा केला. "ती जागा आता हिला दिली. हिला दोन पोरं हायत. हिला काय म्हनून उठवू?"

मी त्या बाईकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. तिचाही काही अपराध नव्हता.

तिथून मी कोळीवाड्यात गेले. मनुबाई दारात बसून जुन्या जाळ्याचा गुंता सोडवत होती. जाळं विकायचं ठरलं होतं. मी बाजारात काय केलं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू मना इस्टेशनावर सांगितलं असतंस, तर मी ते पुस्तक नेलंच नसतं," ती म्हणाली. "बोलून बोलून दमल्या असत्या त्या. मीच नेलं आन् वाचून घेतलं."

मी रडले. ती रडली नाही. जाळं बाजूला सारून म्हणाली, "उट आता. ऊन उतरलं, तुज्या घरी दिवा लावायचा असंल."

हेमाताईंनी पुढच्या वर्षी तिला बारा शाळांसाठी बोलावलं होतं, मानधनही देणार होत्या. घरात चूल अडलेली होती तरी ती गेली नाही. "आता ह्या शालांच्या आजूबाजूला कोनाच्या तरी पाट्या असतील," एवढंच तिने निरोपात कळवलं. उपक्रम तिच्याशिवाय चालला. तिच्या जागी प्लास्टिकचे मासे आणि एक बाटली होती, बाटलीत घासलेट. मीही सोडलं. पुढचं मूल्यमापन पुण्याच्या कुणा संस्थेने केलं म्हणे.

मनुबाई कळव्याच्या अलीकडे भंगाराच्या शेडमध्ये लागली. रसायनांचे रिकामे प्लास्टिकचे पिंप येत, ते धुवायचे. हौदातलं पाणी गटारात, गटार खाडीत. चार वर्षं तिने ते काम केलं. एकदा वाटेत दिसली तेव्हा हाताची कातडी मिठाच्या पाण्यात भिजल्यासारखी पांढरी, सोललेली होती. मी म्हटलं, "सोड हे." ती म्हणाली, "सोडून काय करू, उपास?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "मस्करी केली गो."

चंदू तोवर पुन्हा खाडीत जाळं टाकू लागला होता, दुसऱ्याच्या होडीतून. जे मिळे त्यातलं बरं ते व्यापाऱ्याला, वासाचं घरी. तो मासा खाणारं आता तेच एक घर राहिलं होतं.

१९९७ च्या मार्गशीर्षात शेवंतीचा निरोप आला. मी गेले तेव्हा मनुबाई खाटेवर होती, पोट फुगलेलं, पाय काडीसारखे. सरकारी रुग्णालयातून घरी पाठवली होती. काय झालं हे कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, पुढे प्रश्नचिन्ह. कशाने झालं ते मी इथं ठरवणार नाही, मला तो अधिकार नाही.

तिने मला ओळखलं. नात शाळेतून आली, पाच वर्षांची, दप्तर टाकून बाहेर पळाली. मनुबाई तिच्याकडे बघत होती.

"ही काय बोलली सांगू? मागच्या महिन्यात." तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "जेवायला बसली, ताटातली बोय बाजूला केली. म्हनाली, आजी, बाईंनी सांगितलंय, खाडीचं खायचं नाय. विष असतं."

"पहिलीतच?"

"हां. तुमचं ते आता हिच्या पन शालेत आलंय. चित्रं हायत म्हने भिंतीला."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार. बरोबर सांगितलंय म्हनाले. तवापासून तिला अंडं उकडून देतो. आमी खातो आमचं." मग म्हणाली, "वयनी, तू ते घरोघरी लिवायचीस. घरात बदल झाला का. हे कशात लिवशील, होयमदी का नायमदी?"

शेवंती चहा घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "होयमध्ये."

मनुबाईने मान हलवली. ती त्यानंतर आठ दिवस होती.